कार्डाचा भाव उतरेपर्यंत

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे मला आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे कळलं, आणि त्या वस्तूचा वीटही मला त्यांच्यामुळेच आला.

मी अमडापूरला एका शाळेत मुख्य लिपिक आहे. सगळे मोठे बाबू म्हणतात. सरांचा वर्ग आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत होती. प्रार्थना संपली की सर माझ्या दारात येत, चष्मा कपाळावर चढवत, मोबाइल हातभर लांब धरत आणि विचारत, "मोठे बाबू, तीनशेनं उतरलं आज. घ्याव का थांबाव?"

"घ्या," मी म्हणायचो.

"अजून उतरते का, पाहू," असं म्हणून ते वर्गावर जात.

कधी कंटाळून मी "थांबा" म्हणत असे. तेव्हाही ते थांबतच. दोन्ही उत्तरं मी बरीच आलटून पालटून देऊन पाहिली आहेत, निकालात फरक पडला नाही. भाव चढला असेल त्या दिवशी तर ते खुशीत असत. "पाह्यलं? मी म्हणलं होतं ना, बाजार गरम आहे. गरम बाजारात हात घालू नये." उतरला तर आणखी उतरेल म्हणून थांबायचं, चढला तर उतरेल म्हणून थांबायचं, आणि जिथल्या तिथे राहिला तर "बाजार इचार करून राह्यला" म्हणून थांबायचं.

"बाजार थकला पाह्यजे, आपण नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाजाराचं मला ठाऊक नाही. मी मात्र थकलो होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफिक्स कार्ड ही संगणकाच्या पेटीत बसवायची, पंखे लावलेली एक जाडजूड पट्टी असते. पत्र लिहायला, पगारपत्रक करायला ती लागत नाही. पण पडद्यावर घरं उभी करायची, त्यांच्यामधून चालत गेल्यासारखं फिरायचं, तर ती लागते. ती नसेल तर चित्र एक पाऊल टाकतं आणि दम खात उभं राहतं. सरांचं गाव असंच दम खात उभं होतं.

त्यांचं गाव पूर्णेच्या काठी होतं. होतं म्हणायचं, कारण ते धरणाखाली गेलं. लोकांना वरच्या माळावर प्लॉट मिळाले, सरळ रस्ते मिळाले, घरांना नंबर मिळाले. सरांना त्याबद्दल तक्रार नव्हती. मोबदला वेळेवर आला असंही ते सांगत, कारण आलेल्या गोष्टीला नाही आली म्हणणारा तो माणूस नव्हता. फक्त त्यांनी ते जुनं गाव संगणकात पुन्हा बांधायला घेतलं. तो प्रोग्राम ते व्हिडिओ पाहून शिकले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि सुरुवातीला माउस ते खडूसारखा धरत. तीन-चार वर्षांत त्यांनी सगळं गाव उभं केलं. देऊळ, चावडी, नदीकडे उतरणारा दगडी घाट, लोहाराचा भाता, ग्रामपंचायतीचा कधीच न चालणारा हातपंपसुद्धा. मी त्या गावात एकदाही गेलो नव्हतो, पण तिथे कोणत्या वळणावर म्हैस बांधलेली असते ते मला आजही सांगता येईल.

अडचण एवढीच होती की ते सगळं तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं. एक घर दाखवा म्हटलं की दिसे. गल्लीतून चला म्हटलं की संगणक गुदमरायचा.

पैसे नव्हते असं कोणी समजू नये. पगारपत्रक मीच करत होतो, त्यामुळे मला नक्की माहीत आहे. मूल एकच, तेही पुण्याला नोकरीला लागलेलं. कार्डाची किंमत त्यांच्या पगाराच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. पण त्यांच्या घराण्यात माल आणि भाव यांच्याकडे पाहायची एक रीत होती. वडिलांची शेती, काकांची अडत. पीक घरात आलं की ते विकायचं नसे, ठेवायचं असे. कापूस माजघरात आढ्यापर्यंत भरायचा, त्यावर पोरांनी उड्या मारायच्या, अंगाला खाज आणायची, आणि भाव चढला की मग गाडी जुंपायची. विकताना चढायची वाट पाहायची, हे सगळेच करतात. सरांनी तीच रीत उलटी करून खरेदीला लावली.

स्वेटर ते होळीनंतर घेत, छत्री दिवाळीत. आठवडी बाजारात ते दिवस मावळताना जात, बायका ताडपत्र्या झटकायला लागल्या की. एक भाजीवाली बाई त्यांना लांबूनच हाक मारायची. "या सर, या! चांगलं चांगलं लोकायले देऊन टाकलं, उरलंसुरलं तुमच्यासाठी जपून ठेवलं!" सर हसत पिशवी पुढे करत. त्यांना राग येत नसे. राग येण्याचीही त्यांची वेळ बहुधा पुढे ढकललेली असायची.

शेताच्या वाट्याचं सोयाबीन ते भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत रचून ठेवत. आलेल्याने पोत्यावर बसायचं. मी कित्येकदा बसलो आहे. सरांच्या बायको चहा आणून देताना म्हणत, "बसा बाबू, आमच्याकडे पाहुण्यायले खुर्ची नाही, पण सोयाबीनची गादी आहे." मग आत जाता जाता, "त्या एका तुरीनं आमच्या घराचं वाटोळं केलं."

तुरीची गोष्ट खरी आहे. एका वर्षी सरांनी तूर विकली नाही. सगळ्यांनी विकली, यांनी ठेवली. लोक हसले. मग भाव असा चढला की हसणारेच त्यांना विचारायला आले. किती मिळाले तो आकडा सर दर वेळी वेगळा सांगत, म्हणून इथे लिहीत नाही. पण आयुष्यात एकदा थांबणं असं फळाला आलं, आणि त्यानंतर ते थांबणं त्यांना सोडवलं नाही.

"मले पाहायले आले तवाही असंच," बायको एकदा पोत्यांच्या त्या खोलीत, त्यांच्यासमोरच मला सांगत होत्या. "बशीभर पोहे खाल्ले, अन् म्हणे कळवतो. माह्या बापानं किती वाट पाह्यली! मंग चिखलीचं दुसरं स्थळ आलं, तवा हे धावत आले."

"आलो ना पण?" सर म्हणाले.

"दुसरं आलं म्हून आले."

"भाव कळला मले तुहा," सर म्हणाले, आणि दोघंही हसले. मीही हसलो. तेव्हा मला त्यात काही काळजी करण्यासारखं दिसलं नाही.

त्यांची बहीण वरवट बकालला दिलेली होती. सरांहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तिनंच त्यांना वाढवलं. सर तिला अक्का म्हणत. गाव बांधताना सरांना जे आठवत नसे ते अक्काला आठवे, म्हणून रोज संध्याकाळी फोन. फोन ते स्पीकरवर ठेवत, कारण हातात माउस असायचा. मी तिथे असलो की सगळं ऐकू येई.

"अक्का, देवळापासून आपल्या घराकडे येताना पह्यलं घर लोहाराचं ना?"

"हाव. काऊन?"

"त्याच्या दाराले रंग कोणता होता?"

"रंग कायचा बे? धूर होता. धुराचा रंग दे."

सर खरोखरच धुराचा रंग शोधत बसत. थोड्या वेळानं पलीकडून आवाज यायचा. "रोज इचारतं, लेका. दाखोतं कधी?"

"कार्ड येऊ दे, अक्का."

"हे कार्ड कोठून येऊन राह्यलं? पायी येऊन राह्यलं का?"

तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. खामगावच्या डॉक्टरांनी सरांना समजावून सांगितलं तेव्हा मी सोबत होतो. नजर कडांकडून आटत येते, मधली शेवटपर्यंत राहते. गेली ती परत येत नाही. आहे ती थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकवायची. अक्का स्वतः म्हणायची, "दाराच्या फटीतून पाह्यल्यावानी दिसते." ती फट बारीक होत चालली होती.

म्हणजे प्रश्न साधा होता. अक्काला दिसतंय तोवर तिला त्या गावातून एकदा फिरवून आणायचं. सगळा खटाटोप त्यासाठीच होता. मी तर्क करून लिहीत नाही, सरांनी त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला तसं स्पष्ट सांगितलं. आणि ते सांगून झाल्यावर, त्याच दमात म्हणाले, "पण बाबू, दिवाळीच्या सेलमधी उतरते का, तेवढं पाहू."

मी आकड्यांचा माणूस आहे. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर हिशेब मांडला. एका बाजूला, थांबून जास्तीत जास्त वाचेल किती. तो आकडा निघाला, आणि तो मोठा नव्हता. दुसऱ्या बाजूला अक्काची नजर. तिथे लिहायला एककच नव्हतं. मी ती बाजू तशीच कोरी ठेवून कागद त्यांच्याकडे सरकवला.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. ते नेहमीच असं म्हणत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर दारात उभे. "बाबू, शंभरनं चढलं."

कार्डाचा बाजार त्यांनी बाजार समितीच्या भाषेत बसवला होता. पहिल्यांदा भाव पेटले ते कसल्यातरी आभासी नाण्यांमुळे. लोक खोल्या भरभरून कार्डं लावत आणि ती नाणी काढत. सर म्हणत, "व्यापाऱ्यायनं माल उचलला. सोडतीन तवा पडन." आणि खरंच, ते वेड ओसरलं, भाव पडला. मी आनंदानं त्यांच्या वर्गात गेलो, मुलं रंगवत होती, म्हटलं, "सर, घ्या आता."

"आता?" ते माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाले. "आता तर नवा माल येऊन राह्यला. नवी आवक उतरली की जुन्याले कोण पुसते? फुकट देतीन."

नवा माल आला. तो महाग होता. जुना कोणी फुकट दिला नाही, तो दुकानातून नुसता संपला. सरांना हे काही केल्या पटेना. मी समजावलं, "सर, तूर कोणीही पेरते. हे कार्ड साऱ्या जगात दोन-तीन जणं बनवतात. पाऊस चांगला झाला म्हणून त्यांचं पीक वाढत नाही."

सर विचारात पडले. मग म्हणाले, "पण गोदामाचं भाडं त्यायलेही लागतच असन ना?"

लग्नाचे व्हिडिओ करणारा खामगावचा एक जण जुनं कार्ड अर्ध्या भावात देत होता. ते पाहायला गेलो. सरांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं, पंख्याच्या पात्यांना बोट लावलं, आणि परत दिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "घाण्याले जुंपलेलं आहे ते. गुडघे गेले त्याचे."

शेवटी एका शनिवारी, अर्धी शाळा आटोपल्यावर, मीच त्यांना अकोल्याला नेलं. एसटीत खिडकीशी बसून सर सगळ्या रस्त्यानं अक्काबद्दल बोलत होते. तिचा डावा डोळा आता कामाचा राहिला नव्हता. उजव्यात फट शिल्लक होती. "आज घेऊनच टाकू," ते म्हणाले. मी काहीच बोललो नाही. बोललो तर मोडेल असं वाटलं.

दुकान मोठं होतं. काउंटरवर तिशीतला एक शांत माणूस. त्यानं डबा काढून समोर ठेवला, भाव सांगितला. भाव ठीक होता. मी घरून पाहून गेलो होतो, इतक्यात त्याहून कमी कुठे नव्हता.

सरांनी खिशातून रुमाल काढला. आधी वाटलं घाम पुसतात. त्यांनी तो नीट उलगडला, काउंटरवर अंथरला, त्याखाली आपला उजवा हात घातला आणि दुकानदाराकडे पाहत राहिले.

गुरांच्या बाजारात सौदा असा होतो. रुमालाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. सरांच्या काकांनी शिकवलेलं. त्या दुकानदारानं एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, हात दुखते का?" त्यानं विचारलं.

"हात घाला," सर हळूच म्हणाले.

"कायले?"

मी मध्ये पडून सांगितलं. तो हसला, पण कुचेष्टेनं नाही. "काका, आमचा रेट मोबाइलवर साऱ्या जगाले दिसते. रुमालाखाली लपवायले काहीच नाही."

सरांनी हात काढला, रुमालाची घडी केली. मग ते वळले आणि दाराकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. पायरी उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं आणि कुजबुजले, "हळू चाला. हाक मारते तो."

त्यांच्या बाजारात हेही ठरलेलं असतं. घेणाऱ्यानं पाठ फिरवायची, विकणाऱ्यानं थोडं जाऊ द्यायचं, आणि मग हाक मारायची. त्या हाकेत खरा भाव असतो. आम्ही हळू चाललो. रसवंतीपाशी सर चपलेचा अंगठा नीट करायला थांबले. औषधाच्या दुकानापाशी त्यांनी एका पाटीवरचा मजकूर वाचला, सगळा. हाक आली नाही.

"परत जाऊ, सर," मी म्हणालो. "डबा अजून काउंटरवरच असेल."

"आपण गेलो तर भाव गेला."

"सर, दोनशे रुपये कमी होतील फार तर. नाही झाले तरी काय?"

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले आणि चालत राहिले. एसटी स्टँडवर येईपर्यंत ते दोनदा मागे वळले. गाडीत बसल्यावर काच सरकवून त्यांनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं. त्या दुकानदाराला आम्ही कोण, कुठले, काहीच माहीत नव्हतं. तरी त्यांना वाटत होतं की तो पळत येईल. इतका थकवा मला शाळेच्या तपासणीतही कधी आला नाही.

त्यानंतर भाव खाली आला नाही. या वेळी कारण वेगळं होतं. बुद्धिमान यंत्रं बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या जगभरातली मेमरी उचलू लागल्या, आणि कार्डात तीच मेमरी लागते. सर वाट पाहत राहिले. "इतका माल नेऊन करतीन काय? कधी तरी पोट भरनच." मोबाइल घेऊन दारात येणं मात्र हळूहळू कमी झालं. यायचे, दाराशी उभे राहायचे, न विचारताच जायचे.

मग एका सकाळी वरवट बकालहून अक्काच्या सुनेचा फोन आला. अक्का चौकटीला आदळली होती. फार लागलं नव्हतं, पण दार कुठे आहे ते तिला दिसलं नव्हतं, आणि ते घर तिच्या पायाखालचं होतं. सरांनी माझ्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला आणि निघाले. मला वाटलं बहिणीकडे गेले. संध्याकाळी अकोल्याहून परत आले, काखेत डबा.

भाव मला डब्यासोबतच्या पावतीवर दिसला. आम्ही रुमाल अंथरला त्या दिवसाहून तो किती जास्त होता, तो फरक माझ्या मनात आपोआप निघाला. मी तो बोललो नाही.

"कमी केलं का काही त्यानं?" मी विचारलं.

"दोनशे," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. सवय होती.

कार्ड लांबीला जास्त निघालं. पेटीत बसेना. सरांनी पेटीचा आतला पत्रा कार्यानुभवाच्या करवतीनं कापला. वीजपुरवठ्याचा डबाही नवा लागला, तो खामगावला मिळाला. मग कार्ड बसलं, आणि गाव चालू लागलं. पहिल्या वेळी मी पाहिलं. घाटावरून वर, चावडीवरून डावीकडे, कुठेही न अडखळता. एवढ्या वर्षांनी मिळालेल्या गोष्टीकडे माणूस कसा पाहतो ते मी पाहिलं. पुढची बस चुकू नये अशा घाईनं पाहतो.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गाडी ठरवून शेगावमार्गे वरवट बकालला गेलो. संगणक मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला, सर त्याला धरून बसलेले. सुनेनं शिलाई मशीनवर फळी टाकून जागा केली होती. अक्का खुर्चीवर बसली होती, कपाळाला पट्टी. सर पाया पडले तेव्हा तिनं हवेत हात फिरवून आधी त्यांचं डोकं शोधलं.

"आलं का तुह्यं कार्ड?"

"आलं, अक्का."

"बसून आलं ना? पायी येते तर थकलं असतं."

सून हसली. सर तारा जोडत होते.

अक्काला पडद्याला नाक टेकेल इतकं जवळ बसवावं लागलं. उजव्या डोळ्यासमोर जेवढा तुकडा येई तेवढाच तिला दिसे, एखाद्या बांगडीएवढा. सुरुवातीला ती मान इकडे तिकडे हलवून शोधत होती. मग वैतागली. "मी मान नाही हालवत, बे. तू गाव हालव."

सरांनी गाव हलवलं. घाट तिच्या डोळ्यासमोरून गेला. देऊळ गेलं. "कळस टेढा होता थोडा," ती म्हणाली. "वीज पडली होती ना. पण चालते." लोहाराचं घर आलं. "हाव. धूर बराबर आहे." म्हैस आली तेव्हा तिनं म्हशीच्या मालकिणीला नाव घेऊन एक शिवी दिली, आणि सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सर हळूहळू चालवत होते. कोणत्या दगडाला ठेच लागायची ते अक्का आधी सांगत होती आणि दगड तिथेच निघत होता. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, झालं. कसंबसं, महागात, पण वेळेत झालं.

मग त्यांचं घर आलं. दार, दाराला कडी, कडीखाली हात लागून गुळगुळीत झालेली फळी. सरांनी ती फळी मन लावून केली होती. अक्का कितीतरी वेळ तो बांगडीएवढा तुकडा पाहत राहिली.

"उघड," ती म्हणाली.

सर हलले नाहीत.

"उघड ना, लेका."

"अक्का, आतलं नाही केलं अजून."

"नाही केलं म्हंजे?"

"आतमधी बारीक काम असते. भांडीकुंडी, कोनाडे. कार्ड आल्यावर नीट करू म्हणून…" त्यांनी माउस सोडला. साऱ्या गावाची घरं झाली होती, आणि आपल्या घरात नुसतं पोकळ होतं. मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी भावच ऐकत होतो.

सून परत येऊन दाराशी उभी राहिली. मला वाटलं अक्का चिडेल, निदान टोमणा मारेल. तिनं डोळ्याला पदर लावून पाणी टिपलं. ते औषधाचं होतं की काय ते मी सांगू शकत नाही.

"आता आलं ना कार्ड?" ती म्हणाली.

"आलं."

"मंग कर."

"असं लगेच नाही होत, अक्का. नुसता आकार तर आकार, रंग बिंग काही नाही. आठ दिवस दे मले, मी नीट…"

"रंग मी पाह्यला आहे," अक्का म्हणाली. "तू पह्यले चूल मांड."

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दार, भिंती, आढं सगळं बाजूला केलं. पडद्यावर नुसती राखाडी जमीन उरली. त्यांनी तिच्यावर एक चौकोनी ठोकळा ठेवला. तो चुलीसारखा मुळीच दिसत नव्हता.

"इथं?"

"तिथं पाणी होतं. चूल उगवतीच्या भिंतीले."

सरांनी ठोकळा सरकवला.

"अजून."

आणखी सरकवला.

"थोडी इकडे. मायचा डावा हात पोचला पाह्यजे मिठाले." ती पडद्याला आणखी टेकली. तिच्या श्वासानं काच धुरकट होत होती आणि सर ती बाहीनं पुसत होते. "हां. राह्यली. आता मले बसायले पाट दे."